शनिवार-रविवारची सॅक : आष्टीच्या वाटेवरचा एक धडा

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता आपल्या होस्टेलच्या कोणत्याही मजल्यावर एक चक्कर मारा. सबमिशन नुकतंच संपलेलं असतं. कुणी कॉटवर उभं राहून सॅक दाबत असतं, कुणी चेन ओढत असतं, कुणी शेजारच्या रूममधून "अरे, एक मोठी पिशवी आहे का?" म्हणून ओरडत असतं. दोन दिवसांसाठी गावी जायचं, पण भरताभरती अशी की जणू दोन वर्षांसाठी बिऱ्हाड हललंय! मीही त्यातलाच एक. आज या विषयावर लेख लिहायचं धाडस करतोय, कारण एकदा चांगला फटका बसला आणि त्यातून जे शिकलो ते आपल्या अभ्यासक्रमातच होतं, फक्त वापरलं नव्हतं.

आधी माझी गोष्ट

माझं गाव आष्टी. आष्टी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : "बीडची का?" नाही. बीड जिल्ह्यात आष्टी तालुका आहे, वर्धा जिल्ह्यात १९४२ च्या हुतात्म्यांची आष्टी आहे, गडचिरोलीतही एक आष्टी आहे. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याआधी परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता. संभाजीनगरहून रेल्वेने जालना, पुढे परतूर, आणि परतूरला उतरून एसटी किंवा जी मिळेल ती जीप. म्हणजे दोन वाहनं बदलायची, दोनदा सॅक खांद्यावर घ्यायची, दोनदा ती कुणाच्या तरी पायावर ठेवायची.

गोष्ट श्रावणातली. सलग सुट्टी आली होती. निघायच्या आधी सहज मेसच्या काट्यावर सॅक ठेवली, तर ११ किलो! आत काय होतं? लॅपटॉप आणि चार्जर २.४ किलो. "घरी बसून पूर्ण करू" म्हणून घेतलेली चार जर्नल २.६ किलो. दोन जीन्स १.४ किलो. बूट ९०० ग्रॅम. धुवायचे कपडे अडीच किलो (हे मान्य करायला लाज कसली, सगळेच नेतात). सॅकचं स्वतःचं वजन ८०० ग्रॅम, आणि बाकी किरकोळ ४०० ग्रॅम.

गर्दीतून धक्के खात रात्री घरी पोचलो. सॅक ओसरीवर टेकवली. अण्णांनी ती सरकवायला उचलली आणि म्हणाले, "दगडं भरलीत का रे ह्याच्यात?" तेवढ्यात आईनं विचारलं, "अण्णाच्या गोळ्या आणल्यास ना?"

पोटात गोळाच आला. अण्णांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. आईनं चार दिवस आधी फोनवर सांगितलं होतं, मी त्या विकतही घेतल्या होत्या. दोन पट्ट्या, वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. त्या होस्टेलच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीमागे राहिल्या होत्या. घरातली शेवटची गोळी अण्णांनी आदल्या दिवशी घेतली होती. त्या वेळेला गावातली दुकानं बंद झालेली, आणि सकाळी त्याच नावाची गोळी गावात मिळाली नाही. पावसात गाडी काढून परतूरला गेलो, आणलं. रात्रभर आई दोनदा उठून अण्णांकडे बघत होती, ते मला दिसत होतं. काही झालं नाही, पण झालं नाही हे आपलं नशीब. अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जड जड तेवढं घेऊन आलास, अन् लागायचं तेच ठिवून आलास."

चार जर्नलांपैकी एकही त्या सुट्टीत उघडलं गेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आधी यादी, मग सॅक

चूक विसरण्याची नव्हती, पद्धतीची होती. आपण सॅक भरतो ती हाताला लागेल त्या क्रमानं. मोठी वस्तू डोळ्यांना दिसते, म्हणून ती आधी आत जाते. लहान वस्तू "शेवटी टाकू" म्हणून टेबलावर राहते, आणि शेवटी रिक्षा येते.

म्हणून आता मी कागदावर तीन रकाने पाडतो.

पहिला रकाना : तिथं मिळणार नाही आणि नसल्यास अडेल. औषधं, चष्मा, ओळखपत्र, पैसे, रूमची किल्ली, कुणी मागवलेली वस्तू. या रकान्यातल्या सगळ्याचं वजन मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही, पण फजिती होते ती यातलंच काहीतरी राहिलं म्हणून.

दुसरा रकाना : लागेल, पण तिथंही मिळू शकेल. साबण, टूथपेस्ट, पांघरूण, बादली, इस्त्री. घरी जात असाल तर हा रकाना जवळजवळ रिकामा ठेवा. मित्राच्या घरी जात असाल तर आधी फोन करून विचारा. "पांघरूण आणू का?" हे विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरा रकाना : "लागलंच तर." हा रकाना सगळ्यात लांब होतो आणि सॅकेतलं निम्मं वजन याचंच असतं. यातल्या प्रत्येक वस्तूपुढे एक प्रश्न लिहा : मागच्या वेळी नेली होती तेव्हा वापरली का? उत्तर दोनदा "नाही" आलं की ती वस्तू खोलीतच राहील.

आणि एक नियम. पहिल्या रकान्यातल्या वस्तू आदल्या रात्रीच एका लहान पाऊचमध्ये घालायच्या, आणि पाऊच सॅकेत न ठेवता अंगावर, म्हणजे खिशात किंवा कमरेला ठेवायचा. सॅक रॅकवर जाते, टपावर जाते, कधी दुसऱ्याच्या हातात जाते. औषध आपल्याजवळच पाहिजे, आणि पट्टीतून न काढता मूळ पट्टीसकट, म्हणजे नाव वाचता येतं.

दाबल्यानं जागा वाचते, वजन नाही

आपल्याकडे कापूस भरताना पाहिला असेल. गाडीत कापूस टाकतात, दोन माणसं वर चढून पायानं तुडवतात, परत टाकतात, परत तुडवतात. जिनिंग-प्रेसिंगला सरकी निघून रुईची गाठ बांधली जाते ती साधारण १७० किलोची. मोकळी असती तर एवढ्या रुईनं खोली भरून गेली असती. प्रेसनं काय केलं? तंतूंमधली हवा काढली. घनता वाढली, घनफळ घटलं. वजन मात्र तेवढंच राहिलं, एक ग्रॅमही कमी झालं नाही.

सॅकवर गुडघा ठेवून चेन लावणारा आपला मित्र नेमकं हेच विसरतो. जागा झाली म्हणून तो आणखी दोन वस्तू टाकतो, आणि मग उचलताना "आई गं!" करतो. म्हणजे सॅकला दोन मर्यादा आहेत : लिटरमध्ये एक, किलोमध्ये एक. आधी किलोची ठरवायची.

किती? केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात शाळकरी मुलांसाठी दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलं आहे. आपण शाळकरी राहिलो नाही, थोडं जास्त वजन सहज पेलतो. पण गर्दीत उभ्यानं प्रवास करायचा असेल तर हाच आकडा मला सोयीचा वाटला. माझं वजन ५८ किलो, म्हणून माझी मर्यादा ५.८ किलो. श्रावणातली सॅक ११ किलोची होती, म्हणजे १९ टक्के. जवळजवळ दुप्पट.

नॅपसॅक प्रॉब्लेम : अभ्यासक्रमातलाच

पुढच्या जानेवारीत तिघं मित्र माझ्याबरोबर आष्टीला आले. रात्री घरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी परतूर-मंठा मार्गे लोणारचं विवर पाहायचं, असा बेत होता. या वेळी मी हिशेब करूनच निघालो.

आधी अत्यावश्यक वस्तू : कपडे (दोन टी-शर्ट, एक पँट, आतले कपडे) १२०० ग्रॅम, पातळ टॉवेल २००, ब्रश-साबणाची पिशवी २००, पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली ११५०, औषधं १००, कागदपत्रं-पैसे-किल्ली १५०, आणि सॅक स्वतः ८००. बेरीज ३८०० ग्रॅम. ५८०० मधून ३८०० गेले, राहिले २००० ग्रॅम.

आता या दोन किलोंसाठी सहा उमेदवार होते. प्रत्येकाला उपयोगाचे गुण दिले :

लॅपटॉप आणि चार्जर (मित्राचा हलका) – २००० ग्रॅम, ९ गुण
जर्नल – ८०० ग्रॅम, २ गुण
जादा ड्रेस – ७०० ग्रॅम, ५ गुण
शाल – ६०० ग्रॅम, ६ गुण
पॉवर बँक आणि वायर – ४०० ग्रॅम, ६ गुण
वाचायचं पुस्तक – ३०० ग्रॅम, ३ गुण

कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी ओळखलं असेल. हाच तो नॅपसॅक प्रॉब्लेम. ठरावीक वजनात जास्तीत जास्त गुण कसे बसवायचे? गणितात या जातीचा प्रश्न १८९७ मध्ये जी. बी. मॅथ्यूज यांच्या लेखात आला. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी अवघड प्रश्नांची २१ जणांची जी प्रसिद्ध यादी दिली, तिच्यात नॅपसॅकही आहे. अवघड का? प्रत्येक वस्तूबाबत घ्यायची किंवा नाही असे दोनच पर्याय, पण वस्तू २० झाल्या की निवडी होतात २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६. एकेक निवड तपासायला एक सेकंद लागला तरी बारा दिवस जातील. तोपर्यंत सुट्टी संपून परीक्षा आलेली असेल!

पहिली पद्धत : सगळ्यात जास्त गुणांची वस्तू आधी. लॅपटॉप घेतला, दोन किलो संपले, मिळाले ९ गुण. विषय संपला.

दुसरी पद्धत : दर १०० ग्रॅममागे किती गुण ते काढायचं. पॉवर बँक १.५, शाल १, पुस्तक १, ड्रेस सुमारे ०.७, लॅपटॉप ०.४५, जर्नल ०.२५. या क्रमानं भरत गेलो. पॉवर बँक ४००, शाल ६००, पुस्तक ३००, ड्रेस ७००. बेरीज बरोबर २००० ग्रॅम, आणि गुण ६ + ६ + ३ + ५ = २०. लॅपटॉपच्या दुपटीहून जास्त.

पण ही पद्धत म्हणजे रामबाण समजू नका. समजा पावसाळ्यात फक्त एक किलो जागा उरली आहे, आणि वस्तू तीन : दुर्बीण ६०० ग्रॅम ७ गुण, रेनकोट ५०० ग्रॅम ५ गुण, चप्पल ५०० ग्रॅम ५ गुण. दर १०० ग्रॅमचा हिशेब दुर्बिणीच्या बाजूनं, कारण तिचे १.१७ आणि बाकी दोघांचे एकेक. दुर्बीण घेतली की ४०० ग्रॅम उरतात, त्यात काहीच बसत नाही. मिळाले ७. त्याऐवजी रेनकोट आणि चप्पल घेतले असते तर १०. म्हणून दराचा क्रम लावून भरायचं, आणि शेवटी एकदा बघायचं : एखादी मोठी वस्तू काढली तर तिच्या जागी दोन कामाच्या बसतात का? हा शेवटचा प्रश्न विसरला की गणित बरोबर येऊनही माणूस भिजतो.

राहिला प्रश्न गुण कुणी द्यायचे याचा. ते गणित देत नाही, आपणच देतो. श्रावणात मी जर्नलांना मनातल्या मनात ९ गुण दिले होते आणि गोळ्यांना गुणच दिले नव्हते.

लाडूच्या डब्यातली हवा

घरून येताना डबा भरलेला असतोच. लाडवांच्या डब्याकडे इंजिनिअरच्या नजरेनं पाहा. गोल वस्तू कितीही नीट रचल्या तरी मध्ये फटी राहतातच. योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये म्हटलं की सारख्या आकाराचे गोळे बाजारात फळवाला रचतो तसे रचले तर त्याहून दाट रचता येत नाहीत. त्या रचनेत सुमारे ७४ टक्के जागा भरते. दिसायला साधी गोष्ट, पण सिद्ध व्हायला जवळजवळ चारशे वर्षं लागली. थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये कॉम्प्युटरच्या मदतीनं सिद्धता दिली, आणि तिची यंत्राकडून काटेकोर तपासणी २०१४ मध्ये पूर्ण झाली. नुसते कसेही ओतले तर सुमारे ६४ टक्केच जागा भरते.

याचा अर्थ लाडवांचा डबा गच्च भरला असं आपल्याला वाटतं तेव्हाही निदान पाव डबा हवाच असते. त्या हवेत भाजलेले शेंगदाणे किंवा चिवडा ओता. डबा तेवढाच, खाऊ जास्त. (आमच्या आईनं केप्लर वाचलेला नाही, तरी ती वर्षानुवर्षं हेच करते.)

हाच न्याय सॅकेतही लावा. बुटाच्या आत मोजे. बाटलीच्या बाजूच्या फटीत चार्जरची वायर. कपडे घडी करण्यापेक्षा गुंडाळा, म्हणजे घडीच्या कडांशी अडकणारी हवा निघते, सुरकुत्या कमी पडतात आणि वरून पाहिल्यावर कोणता कपडा कुठं आहे ते दिसतं. गुंडाळ्या एकाच दिशेनं आडव्या ठेवा, आणि वरची ओळ खालच्या दोन गुंडाळ्यांच्या खाचेत बसवा. कडक नळकांडी एकावर एक सरळ रचली तर ७८.५ टक्के जागा भरते, खाचेत बसवली तर ९०.७ टक्के. कपडा तर मऊ असतो, तो उरलेल्या फटीतही शिरतो.

आजोबांची पडशी

आमच्या घरात खुंटीला अजून एक पडशी आहे. नव्या पोरांना हा शब्द ठाऊक नसेल. पडशी म्हणजे जाड कापडाची लांब पिशवी, दोन्ही टोकांना दोन कप्पे, मध्ये खांद्यावर टाकायची पट्टी. एक कप्पा पुढं छातीवर, दुसरा मागं पाठीवर. आजोबा पंढरीच्या वारीला जाताना हीच घेऊन जात. शेगाव-पंढरपूर रस्ता आता आमच्या गावावरूनच जातो, लोणार, मंठा, परतूर, आष्टी, माजलगाव असा. दिंडीत जड सामान गाडीत असतं, पण रोज लागणारं वारकऱ्याच्या खांद्यावरच.

लोणारहून परतल्यावर ती पडशी काढून मी खांद्यावर टाकून पाहिली. दोन्ही कप्प्यांत सारखं वजन असलं की माणूस पुढंही झुकत नाही, मागंही ओढला जात नाही. कारण सरळ आहे. दोन्ही कप्प्यांचे मोमेंट एकमेकांविरुद्ध, बेरीज शून्य. पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्समध्ये जे फ्री बॉडी डायग्रॅम काढून काढून हात दुखले, ते आजोबांच्या खुंटीवर टांगलेलं होतं!

आपल्या सॅकला पुढचा कप्पा नाही. सगळा मोमेंट एकाच बाजूला. मग करायचं काय? जड वस्तू पाठीला चिकटवायच्या. हिशेब पाहा. ११ किलोची सॅक म्हणजे सुमारे १०८ न्यूटन. तिचा गुरुत्वमध्य पाठीपासून २५ सेंटिमीटर लांब असेल तर मागं ओढणारा मोमेंट २७ न्यूटन-मीटर. तीच सॅक, तेच सामान, पण जड वस्तू पाठीकडे सरकवून गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटरवर आणला तर मोमेंट सुमारे १६. वजन तेवढंच, ओढ मात्र ४० टक्क्यांनी कमी. म्हणून पुस्तक, बाटली, लॅपटॉप पाठीकडे आणि साधारण मध्यावर. हलके कपडे बाहेरच्या बाजूला. पट्टे दोन्ही खांद्यांवर आणि आवळलेले. एका खांद्यावर सॅक लटकवणं कॅन्टीनपर्यंत ठीक आहे, परतूर स्टँडपर्यंत नाही.

आजोबांची आणखी एक वस्तू होती, वळकटी. अंथरूण-पांघरुणाची गुंडाळी करून दोरीनं बांधायची, कपडेही त्यातच. आज आपण ज्याला "रोलिंग टेक्निक" म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहतो ती हीच.

चिवडा हलवला की खाली काय जातं?

चिवड्याचा डबा चार दिवस हाताळला की खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे वर येतात, मीठ-मसाला आणि मोहरी तळाला जाते. डबा हलताना मोठ्या तुकड्यांखाली क्षणभर फट पडते, त्यात बारीक कण घसरतात. मोठा तुकडा मात्र बारीक फटीतून खाली जाऊ शकत नाही, म्हणून तो वर वर येत राहतो. १९८७ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर याचा अभ्यास केला होता, आणि परदेशात याला ब्राझील नट इफेक्ट म्हणतात.

एसटीनं केलेला प्रवास म्हणजे आपल्या सॅकेसाठी हाच डबा हलवणं. सुटी ठेवलेली किल्ली, पेनड्राइव्ह, सुट्टे पैसे, गोळ्यांची पट्टी, सगळं मुक्कामी पोचेपर्यंत तळाला. मग रात्री अकरा वाजता ओसरीवर सॅक उलटी करायची. उपाय सोपा : लहान वस्तू सुट्या ठेवायच्याच नाहीत. त्यांना एका पाऊचमध्ये घालून "मोठी वस्तू" बनवायचं. मोठी वस्तू वरच राहते.

काळी माती आणि पाऊस

आष्टीच्या दक्षिणेला गोदावरी, आणि आजूबाजूला कपाशीची काळी जमीन. सिव्हिलवाल्यांना ही माती पाया भरताना छळते, आपल्याला बुटाखाली. पाणी पडलं की फुगते आणि तळव्याला अशी चिकटते की चार पावलांत बूट दुप्पट जड. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे येणार असाल तर पायात धुता येणारी चप्पल किंवा सँडल आणि सॅकेत एक जाड रिकामी पिशवी हवीच. चिखलाचे बूट त्यात, नाहीतर स्वच्छ कपड्यांवर मराठवाड्याचा नकाशा उमटतो.

सॅकेवरचं कव्हर पाऊस वरून अडवतं, पण पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही. कपडे आत एका मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड पिळून बंद करा. शेतात पोत्याची खोळ करून डोक्यावर घेणारी माणसं हेच करतात : पाणी येतंच, ते कुठून वाहून जाईल एवढं आपण ठरवायचं. आणि पावसात जीन्स टाळा. कोरडी जीन्सच ७०० ग्रॅमची, भिजली की आणखी जड, आणि दोन दिवसांत वाळत नाही.

लोणारला काय झालं?

५.८ किलोची सॅक घेऊन आम्ही लोणारला गेलो. उल्कापातानं काळ्या कातळात झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. तळाशी खारं तळं, २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं. खाली उतरायला पायवाट आहे, चढ परत येताना दम काढतो. तळ्याचं पाणी प्यायचं नसतं, म्हणून बाटलीतला प्रत्येक घोट मोलाचा ठरला. आमच्यातल्या एकानं दोन मोठ्या बॅगा आणल्या होत्या. तो बिचारा वरच थांबला, बॅगा राखत. विवर त्यानं काठावरूनच पाहिलं. परत येताना तो म्हणाला, "यार, मी लोणार पाहायला आलो होतो की बॅग सांभाळायला?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही कुणीच दिलं नाही. एक मात्र आठवणीनं सांगतो : तिथला दगड "आठवण" म्हणून सॅकेत टाकू नका. ती जागा संरक्षित आहे, आणि शिवाय वजनही वाढतं!

परतीची सॅक

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जाताना सॅक पूर्ण भरायची नाही. निदान एक तृतीयांश जागा रिकामी ठेवायची. कारण रविवारी दुपारी आई स्वयंपाकघरातून हाक मारते, आणि तिथं धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, लोणच्याची बरणी, येसराची पुडी अशी रांग लागलेली असते. श्रावणात माझ्या सॅकेत जागाच नव्हती. आईनं बरणी हातात धरून सॅककडे पाहिलं आणि "ऱ्हाऊ दे, पुढच्या वेळी" म्हणून परत फळीवर ठेवली. चार न उघडलेल्या जर्नलांनी ती जागा अडवली होती.

लोणच्याच्या बरणीचं झाकण लावण्याआधी तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवा, बरणी पिशवीत बांधा आणि उभी, पाठीकडे ठेवा. दशम्या आणि धपाटे पूर्ण गार झाल्यावरच बांधा, नाहीतर वाफेचं पाणी होऊन बुरशी धरते. चटण्या कोरड्या डब्यात. आणि हे सगळं होस्टेलवर पोचल्यावर रूम-पार्टनरपासून कसं वाचवायचं, यावर अजून कोणतंही अल्गोरिदम निघालेलं नाही.

थोडक्यात

आदल्या रात्री तीन रकान्यांची यादी. पहिला रकाना पाऊचमध्ये, पाऊच अंगावर. वजनाची मर्यादा आधी, जागेची नंतर. दर १०० ग्रॅमचा हिशेब, आणि शेवटी एकदा अदलाबदल करून पाहणं. जड ते पाठीशी, लहान ते पाऊचात, कपडे गुंडाळून पिशवीत. परतीसाठी जागा रिकामी. सगळं करून अर्धा तास लागतो, मेसच्या काट्यावर वजन करायला आणखी एक मिनिट.

आता मी खोलीचं दार ओढण्याआधी सॅककडे बघत नाही, टेबलाकडे बघतो. टेबल मोकळं असलं तरच कुलूप लावतो. मागच्या महिन्यात घरी पोचलो तेव्हा सॅक खांद्यावरून उतरवायच्या आधी खिशातून गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढून अण्णांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी पट्टी उलटीपालटी करून तारीख वाचली, मग सॅक एका हातानं उचलून पाहिली आणि म्हणाले, "आता कसं, माणसागत आलास."